एकदाच ओतलेलं रेझिन

१

रेझिनताईंनी मेणबत्ती पेटवली तेव्हा घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच वाजायच्या आत ग्रंथपालांचा डावा डोळा गेला.

वाचनालयाच्या वरच्या दालनात त्या शनिवारी चाळीसेक माणसं जमली होती. ताई घरी रेझिन ओतून मेणबत्तीचे होल्डर करायच्या आणि दुसऱ्यांना शिकवायच्या. असं शिकवणारे गल्लोगल्ली होते, पण ताईंचं नाव झालं ते वेगळ्या कारणाने. हे काम जपून कसं करायचं, हे त्यांच्याइतकं ठासून कुणी सांगत नसे. आजचं व्याख्यानही त्यावरच होतं.

"रेझिन दिसायला काच, पण स्वभावाने प्लास्टिक," त्या सांगत होत्या. "ऊब लागली की मऊ पडतं, ज्योत लागली की पेटतं. म्हणून आत स्टीलची वाटी बसवायचीच. सुक्या काड्या, फुलं घालायची हौस असेल तर ती वाटीपासून बोटभर लांब आणि रेझिनमध्ये पूर्ण बुडालेली. हातमोजे घालायचे, खिडक्या उघड्या ठेवायच्या. आणि घाई नाही करायची. जाड थर एकदम ओतला तर तो आतल्या आत तापतो, करपतो, तडकतो. मी तीन थरांना तीन दिवस घेते."

टेबलावर त्यांच्या निळ्या होल्डरमध्ये मेणबत्ती जळत होती. व्याख्यानाच्या शेवटी त्याच्या कडेवर तळहात टेकवून तो किती गार राहतो ते त्या दाखवायच्या. टाळ्या तिथेच पडायच्या.

"आता बघा," म्हणत ताईंनी हात पुढे केला. तो टेकायच्या आतच होल्डरच्या कडेतून दुसरी ज्योत उठली. मग तिसरी. बघता बघता सगळी कड पेटली आणि काळा धूर छताकडे निघाला.

पहिल्या रांगेतून ग्रंथपाल धावले. पस्तीस वर्षं पुस्तकांत घालवलेला माणूस, आग म्हटली की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. हातातला पाण्याचा पेला त्यांनी ज्योतीवर रिकामा केला. पेटत्या मेणावर पाणी ओतायचं नसतं, हे ताईंच्या कागदावरचं पुढचंच वाक्य होतं.

भडका माणसाच्या उंचीएवढा उडाला. ग्रंथपाल तोंड धरून खाली बसले. त्यांची मुलगी "बाबा!" म्हणून ओरडत खुर्च्या पाडत आली. ही मुलगी म्हणजे ताईंची सख्खी धाकटी जाऊ.

ताईंनी जाड सतरंजी टाकून आग विझवली. ग्रंथपालांना घेऊन गाडी गेली, दालन रिकामं झालं. ताईंबरोबर वर्ग चालवणारी मैत्रीण तेवढी टेबलापाशी उभी होती. चिमट्याने एकेक पाकळी जागेवर बसवायची म्हणून तिला सगळे 'चिमटी' म्हणत. तिने जळका तुकडा उलटा करून पाहिला.

"ताई, याच्यात वाटीच नाहीये."

२

पोलीस येऊन 'अपघात' अशी नोंद करून गेले. वाचनालयाच्या अध्यक्षांचं त्याने समाधान होईना. त्यांनी रविवारी सकाळीच समोरच्या इमारतीतल्या सर्व्हेअरबाईंना गाठलं. बाईंनी तीस वर्षं विमा कंपन्यांसाठी राखेत बोटं घालून आगीची कारणं शोधली होती. आता निवृत्त होत्या, पण नाक निवृत्त झालं नव्हतं.

"कारण शोधून लेखी देईन," बाई म्हणाल्या. "ते कुणाला आवडो न आवडो. मग ते पोलिसांकडे जाईल. चालेल?"

अध्यक्षांनी मान हलवली.

ताईंच्या कामाच्या खोलीत बाईंनी होल्डरचे अवशेष वर्तमानपत्रावर मांडले. शेजारी ताईंनी केलेला दुसरा होल्डर ठेवला आणि ताईंची परवानगी घेऊन करवतीने तो मधोमध कापला.

"हा तुमचा. आत दोन बारीक रेषा दिसतात. तीन थर. स्वच्छ, एकसारखा रंग." मग त्यांनी जळका तुकडा उचलला. "याचा तळ जळलेला नाही, तरी आत बघा. एकही रेष नाही. गाभा करपून तपकिरी झालाय, भेगा पडल्यात. हा बाहेरच्या आगीने नाही करपला, ओतला तेव्हाच आतून तापलाय. एका दमात ओतलेला माल आहे. वरून गडद निळा, म्हणून दिसलं नाही."

"मग हा माझा नाहीच!" ताई उसळल्या. "मी काल रात्रीपासून स्वतःला खातेय, की माझ्या हातून वाटी बसवायची राहिली कशी."

"राहिली नाही. वाटीच्या जागी चंदेरी रंग फासलाय. लांबून स्टील वाटावं म्हणून. आणि या काड्या?" बाईंनी जळकी टोकं दाखवली. "बोटभर लांब सोडा, थेट मेणात टेकवल्यात. प्रत्येक काडी म्हणजे एक वात. मेण वितळून तिथवर पोहोचलं की भडका ठरलेलाच. तुमचा प्रत्येक नियम इथे कुणीतरी पाठ करून मोडलाय."

ताईंच्या चेहऱ्यावरची भीती गेली आणि तिच्या जागी राग आला.

"कोण असेल ते असेल, मी त्याला सोडणार नाही. भर सभेत माझा हात जाळायला निघाला होता. त्याला आयुष्यातून उठवीन."

"साचा कुठे असतो तुमचा?"

भिंतीवर खिळ्यांना सिलिकॉनचे साचे टांगलेले होते. बाईंनी निळ्या होल्डरचा साचा उतरवून खिडकीशी नेला. आतला तळ इतर ठिकाणी आरशासारखा गुळगुळीत होता. मधोमध मात्र तळहाताएवढा भाग खरखरीत झाला होता आणि त्यावर चहाच्या डागासारखा तपकिरी डाग होता.

"एकदम ओतलेल्या रेझिनच्या उष्णतेने हा तळ भाजलाय. नकली होल्डर याच साच्यातून निघालाय," बाई म्हणाल्या. "म्हणजे ज्याने केला, तो तुमच्या घरात जाऊन-येऊन आहे."

३

ताईंचे यजमान बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि विचारायच्या आधीच सुरुवात केली.

"माझ्यावर संशय असणारच. सहा वर्षं या वासाने माझं डोकं उठतंय, हे साऱ्या इमारतीला ठाऊक आहे. होल्डरचं खोकं गाडीतून मीच नेलं. तीन वाजता खाली ग्रंथपालांच्या खोलीत ठेवलं आणि चारला वर नेलं. पण मला दूध उतू न जाता तापवता येत नाही, रेझिन काय ओतणार?"

"खोकं तासभर खाली होतं तेव्हा तिथे कोण होतं?"

"येणारे-जाणारे. मी वर खुर्च्या लावत होतो. फोटोही मीच काढले." त्यांनी मोबाइल पुढे केला. "बघा हवं तर."

बाईंनी फोटो आपल्या मोबाइलवर घेतले.

चिमटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने आधी डोळे पुसले, मग फणकाऱ्याने म्हणाली, "वर्गाच्या पाटीवर माझं नाव नाही, म्हणून मी जळते असं कुणी सांगितलं असेल. जळतेच मी. पण म्हणून आग लावत नाही."

"होल्डर टेबलावर कुणी मांडला?"

"मी. आणि मेणबत्तीही मीच ठेवली. घाईत आतला चंदेरी रंग वाटीच वाटला." ती हळूच म्हणाली, "उचलताना हलका लागला. क्षणभर वाटलं, ताईंना सांगावं. पण कार्यक्रमाच्या तोंडावर त्यांचा पारा चढलेला असतो. गिळून टाकलं. ते गिळलं नसतं तर काकांचा डोळा वाचला असता."

"तुम्ही ओतला असता तर किती थरांत?"

"तीन. वेगळं मला जमणारच नाही. हाताला वळण तेच पडलंय."

मेणबत्त्या पुरवणारा मेणवाला कोपऱ्यावरच्या दुकानात भेटला. तुझ्या मेणबत्त्या काजळी धरतात, असं ताईंनी मागच्या व्याख्यानात त्याचं नाव घेऊन सांगितलं होतं. तो अजून धुमसत होता.

"बरी जिरली! म्हाताऱ्याचं वाईट वाटतं, पण तिची जिरली ते बरं झालं. माझी मेणबत्ती तपासा. एक का, दहा तपासा."

बाईंनी खरोखर दोन जाळून पाहिल्या. ज्योत शहाण्यासारखी सरळ उभी राहिली. शिवाय मेणवाला ताईंच्या घरात कधी पाऊलही टाकत नव्हता.

दुपारी बाई वाचनालयात गेल्या. खरा होल्डर कुठेतरी असणार, हा त्यांचा हिशोब होता. भर दुपारी एवढी जड वस्तू हातात घेऊन कुणी रस्त्याने जाणार नाही. ग्रंथपालांच्या खोलीत जुन्या सूचीपत्रांचं कपाट होतं. खालचा खण तेवढा कुलूपबंद होता. अध्यक्षांनी कार्यालयातली जादा किल्ली शोधून आणली. पिवळ्या पडलेल्या कार्डांच्या मागे, रुमालात गुंडाळलेला निळा होल्डर निघाला. आत स्टीलची वाटी लखलखत होती.

"या खणाची किल्ली आणखी कुणाकडे असते?"

अध्यक्षांनी खण लोटून बंद केला. "एकाच माणसाकडे. ग्रंथपालांकडे."

४

इस्पितळात ग्रंथपाल उशीला टेकून बसले होते. अर्धा चेहरा पट्टीत होता. शेजारी स्टुलावर मुलगी बसली होती. तिच्या पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे जेमतेम किलकिले दिसत होते. दोन्ही हात तिने ओढणीत गुंडाळून घेतले होते.

"कालपासून रडतेय," ग्रंथपाल म्हणाले. "किती समजावलं."

"जरा चहा आणता का आमच्यासाठी?" बाईंनी तिला विचारलं. ती उठून गेली. बाईंनी दार लोटलं आणि खणात काय सापडलं ते सांगितलं.

ग्रंथपालांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाले, "मीच ठेवला. नकली होल्डरही मीच केला. लिहून घ्या."

"का केलात?"

"त्या बाईचा तोरा सहन होत नव्हता."

"आणि स्वतःच पेटवलेली आग विझवायला पेला घेऊन धावलात?"

"घाबरलो ऐनवेळी."

"बरं. रेझिनमध्ये दुसऱ्या बाटलीतलं काय मिसळतात? किती मिसळलंत?"

ग्रंथपालांचा एक डोळा छताकडे लागला. "पाणी," ते म्हणाले.

बाईंनी वही मिटली. "काका, मिसळतात ते रेझिन घट्ट करणारं हार्डनर. तुम्ही आयुष्यात रेझिनची बाटली उघडलेली नाही. ज्याच्यासाठी खोटं बोलताय, त्याच्याकडे तुमच्या किल्ल्यांचा जुडगा सहज जात असणार. तुमचं औषध आणून देताना, डबा आणून देताना."

म्हाताऱ्याच्या उघड्या डोळ्यातून पाणी ओघळलं. "माझा डोळा गेला, तो जाऊ दे. तिचं आणखी काही जायला नको हो. तिचं आधीच खूप गेलंय."

५

मुलगी चहाचे कप घेऊन आली तेव्हा बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.

"हा कालचा फोटो. चारला दहा कमी असताना काढलेला. पहिल्या रांगेत तुमचे बाबा, आणि शेजारी तुम्ही. बाकीच्या फोटोंत काळा चष्मा लावलेला. या फोटोत तो काढून पुसताय." त्यांनी बोटांनी चित्र मोठं केलं. "तुमच्या पापण्या काल आगीच्या आधीच सुजल्या होत्या. तेव्हा रडण्यासारखं काय झालं होतं?"

तिने कप बाकावर ठेवले आणि हात पुन्हा ओढणीत घेतले.

"एका बोटींच्या कारखान्यात मी असे डोळे पाहिलेत," बाई पुढे म्हणाल्या. "तिथले कामगार रेझिन ओतायचे, घासायचे. एकदा का त्याची ॲलर्जी अंगात बसली की जन्माची सोबत. मोजे घाला, तोंड बांधा, तरी नुसत्या धुळीने एक-दोन दिवसांत पापण्या फुगतात, सोलतात. रडलेल्या माणसाचे डोळे लाल होतात. तुमचे पांढरे आहेत."

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून नाही. मला एक गोष्ट पहिल्यापासून छळत होती. नकली होल्डर करणाऱ्याला सगळे नियम माहीत होते. साचा माहीत, रंग माहीत. मग एकदम का ओतला? तडकायची भीती होती, फजिती झाली असती. चिमटीने तीन थर घेतले असते. एकदाच ओतणारा माणूस कोण? ज्याला त्या बाटलीजवळ तीनदा जाणं सोसणार नाही, तो. आता हात दाखवा."

तिने ओढणी सोडली. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटून लालभडक झाली होती. त्याखाली जुने, जाड, पांढरट व्रण होते.

"मी केस कापायचे," ती म्हणाली. आवाजात रडं नव्हतं. "तीन खुर्च्यांचं स्वतःचं पार्लर होतं. लोक लांबून यायचे. चार वर्षांपूर्वी जाऊबाईंनी पहिला वर्ग काढला, तेव्हा माणसं दिसावीत म्हणून मला बसवलं. ओल्या रेझिनवर धूळ पडते म्हणून खिडक्या बंद. हातमोजे मागितले तर म्हणाल्या, 'तू तर घरचीच, मोज्यांत बोटांना अंदाज येत नाही.' हात चिकट झाले की स्पिरिटने पुसायला लावायच्या. दोन महिने मी तशीच ओतत होते. मग फोड आले. डॉक्टर म्हणाले, हे आता जायचं नाही. केसांचा रंग नको, शाम्पू नको, ओलं काम नको. पार्लर बंद केलं."

"ताईंना सांगितलंत?"

"सांगितलं! पदर पसरून सांगितलं, की चूक झाली एवढं चार माणसांत कबूल करा. तर सगळ्या नातेवाइकांत म्हणाल्या, तिची कातडीच नाजूक, आणि त्यात मेली नाटकी. माझा नवरासुद्धा म्हणाला, वहिनी खोटं कशाला बोलेल." तिने दात आवळले. "पुढच्याच वर्गापासून मोजे आले. खिडक्या उघडल्या. काय काय होऊ शकतं ते त्या माझ्या हातांवर शिकल्या, बाई. आणि तेच सांगून टाळ्या घेतात. गावभर सांगतात, पण माझा उल्लेख कुठे नाही."

"म्हणून आग?"

"मागच्या रविवारी गच्चीत, तोंडाला फडकं बांधून ओतला. गुरुवारी घासला. तळहात टेकवायची वेळ मला घड्याळासारखी पाठ होती. त्यांचा हात भाजायला हवा होता. फक्त हात. त्या हातांनी पुन्हा काही करता येऊ नये." तिने खोलीच्या दाराकडे पाहिलं. "बाबा उठतील असं डोक्यातच आलं नाही. बाबांसाठी मी मरेपर्यंत जळेन. पण जाऊबाईंच्या बाबतीत विचाराल, तर आजही वाटतं की हात दोन इंचांनी वाचला."

६

संध्याकाळी ताईंच्या घरी सगळे जमले. बाईंनी साचा, खरा होल्डर, फोटो असं एकेक समोर ठेवून सांगितलं. धाकटी जाऊ खिडकीपाशी उभी होती. तिने एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही.

ताई ताडकन उठल्या. "घरातच साप निघाला! आत्ताच्या आत्ता पोलिसांना बोलवा. हिला जेलात बघितल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही."

"अहवाल मी सकाळी देतेच आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण अहवालात कारण लिहावं लागतं. आग का लागली, तर होल्डर बदलला. का बदलला, तर सूड. कशाचा, तर चार वर्षांपूर्वीच्या वर्गाचा. त्या वर्गात आणखी नऊ जणी होत्या. त्यांनाही पोलीस विचारतील. मोजे होते का, खिडक्या कशा होत्या."

चिमटीने मान खाली घातली. त्या नऊ जणींत ती होती.

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं," ती पुटपुटली. "खिडक्या बंद होत्या. मला दोनदा चक्कर आली होती."

ताई हळूहळू खाली बसल्या. यजमानांकडे पाहिलं, ते दुसरीकडे बघत होते. मग ताईंचा सूर बदलला. इतका, की बाईंना आधीचा बरा वाटला.

"हे बघा, काही झालं तरी ती घरची आहे. तिच्या वडिलांचाच डोळा गेलाय, आणखी काय शिक्षा हवी? तुम्ही अपघात लिहा. पोलिसांनी लिहिलंच आहे. मी काकांच्या औषधपाण्याचं सगळं बघीन. घराची अब्रू घरात राहील."

यजमान लगेच म्हणाले, "खरंय. झालं गेलं विसरून जाऊ."

बाईंनी धाकटीकडे पाहिलं. एका होकारात ती सुटणार होती.

"नाही," धाकटी म्हणाली. ती खिडकीपासून टेबलापर्यंत आली. "सगळं लिहा. मी साचा चोरला, मी काड्या मेणात टेकवल्या, बाबांचा डोळा माझ्यामुळे गेला. काही सोडू नका. जी शिक्षा होईल ती मी घेईन. पण पहिल्या वर्गापासून लिहा."

"अगं, वेडी आहेस का?" ताई ओरडल्या. "तू आत जाशील!"

"जाईन. एकटी नाही जाणार, जाऊबाई. तुमचं नाव घेऊन जाईन."

सर्व्हेअरबाईंनी त्या रात्री अहवाल लिहिला. अकरा पानं झाली, त्यातली चार जुन्या वर्गाची. नऊपैकी सहा जणींनी जबाब दिले. एकीने आपले हातही दाखवले. ताईंचा वर्ग महिन्याभरात बंद पडला. चिमटीने नवा काढला नाही. ग्रंथपाल एका डोळ्याने वाचायला शिकले. मुलीच्या विरुद्ध जबाब द्यायला त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला.

चौकशीच्या पहिल्या दिवशी दोघी जावांना एकाच वेळी बोलावलं होतं. आत बोलावणं येईपर्यंत त्या लाकडी बाकाच्या दोन टोकांना बसून राहिल्या. तास गेला. मग ताई थोड्या सरकल्या.

"बघू हात," त्या म्हणाल्या. "फार दुखतात का गं?"

चार वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. धाकटीने हात मांडीखाली घेतले आणि समोरच्या बंद दाराकडे बघत राहिली.

"आता ते आत दाखवीन," ती म्हणाली.